न गळणाऱ्या पेनाचा मास्तर

मॅट्रिकचा निकाल, मुंज, पहिली नोकरी किंवा निवृत्तीचा निरोप समारंभ. मराठी मध्यमवर्गीय घरात असा प्रसंग आला, की एका लांबट डबीची आठवण हटकून होत असे. डबीत मऊ अस्तरावर ठेवलेले पेन आणि त्याच्या क्लिपवर सोनेरी बाण. हे पेन लगेच वापरात येत नसे. आधी ते निरखून पाहायचे, टोपण काढून पुन्हा लावायचे, कोऱ्या कागदावर स्वतःचे नाव लिहून पाहायचे आणि मग सदऱ्याच्या खिशाला लावून ऐटीत बाहेर पडायचे. पार्कर हे त्या पेनाचे नाव होते. पण ते आधी एका माणसाचे नाव होते, आणि तो माणूस मुळात पेशाने शिक्षक होता, हे पेन मिरवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असे.

जॉर्ज सॅफर्ड पार्कर यांचा जन्म १ नोव्हेंबर १८६३ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, शल्सबर्ग या गावी झाला. बालपण गेले ते शेजारच्या आयोवा राज्यातील शेतावर. शेतीत मन रमेना, तेव्हा या तरुणाने तारायंत्राची विद्या शिकण्यासाठी विस्कॉन्सिनमधील जेन्सव्हिल गाठले. रॉक नदीच्या काठावरचे हे छोटे शहर. तेथे व्हॅलेंटाइन बंधूंची तारायंत्र शिकवणारी शाळा होती. रेल्वेचे जाळे पसरत होते आणि तारमास्तरांना मागणी होती. पार्कर शिकले आणि त्याच शाळेत शिकवूही लागले.

शिक्षकाचा पगार बेताचाच. त्याला जोड म्हणून त्यांनी जॉन हॉलंड कंपनीच्या फाउंटन पेनांची विक्री पत्करली. गिऱ्हाईक शोधायला दूर जावे लागत नव्हते, ते वर्गातच बसलेले होते. तारेचा कडकट्ट आवाज ऐकत मजकूर झरझर उतरवून घेणे, हे तारमास्तराचे काम. दौतीत टाक बुडवत बसणाऱ्याला ते जमणे कठीण. त्यामुळे पोटात शाई बाळगणारे पेन ही या विद्यार्थ्यांची गरजच होती.

अडचण अशी, की ही पेने गळत. कधी शाई निबेपर्यंत पोहोचतच नसे, तर कधी एकदम भळकन येऊन कागदाचा आणि बोटांचा सत्यानाश करी. हा दोष एकट्या हॉलंड कंपनीचा नव्हता. त्या काळातील फाउंटन पेनांचा तो एकूणच स्वभाव होता. विद्यार्थी तक्रार घेऊन साहजिकच विकणाऱ्याकडे येत. पेन विकून झाले, आता तुम्ही आणि कंपनी पाहून घ्या, असे सांगून पार्कर मोकळे होऊ शकले असते. पण ज्यांना आपण शिकवतो त्यांनाच सदोष वस्तू विकली, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली असावी. त्यांनी छोटे लेथ, करवत आणि कातरकामाची थोडी हत्यारे जमवली आणि ती पेने स्वतःच दुरुस्त करून द्यायला सुरुवात केली.

दुरुस्ती करता करता पेनाचे पोट त्यांच्या ओळखीचे झाले. दुसऱ्याचे पेन सुधारत बसण्यापेक्षा स्वतःच चांगले पेन का बनवू नये, हा विचार त्यातून आला. १८८८ साली त्यांनी पेनाचा व्यवसाय सुरू केला आणि १० डिसेंबर १८८९ रोजी त्यांना पहिले पेटंट मिळाले. कल्पना होती, हातही कसबी होते. भांडवल मात्र नव्हते. १८९१ मध्ये डब्ल्यू. एफ. पामर या विमा व्यावसायिकाने एक हजार डॉलर देऊन निम्मा हिस्सा घेतला आणि १८९२ मध्ये पार्कर पेन कंपनी रीतसर स्थापन झाली.

पार्कर यांचे खरे नाव झाले ते १८९४ च्या पेटंटने. फाउंटन पेनात निबेच्या खाली एक जीभ असते. तिच्यातील बारीक खाचेतून शाई पोटातून निबेपर्यंत येते. लिहून झाल्यावर पेन निब वर करून खिशात ठेवले, तरी या खाचेत थोडी शाई अडकून राहते. अंगाच्या उबेने पेनातील हवा प्रसरण पावते आणि ती शाई बाहेर ढकलते. पुढच्या वेळी टोपण काढले, की बोटे निळी झालीच म्हणून समजावे. पार्कर यांनी जिभेचे आतले टोक वाकवून पेनाच्या आतल्या भिंतीला टेकवले. त्यामुळे खाचेतील शाई केशाकर्षणाने भिंतीवर ओढली जाऊन पुन्हा पोटात उतरू लागली. वाकलेल्या जिभेच्या या रचनेला त्यांनी लकी कर्व्ह असे नाव दिले आणि पुढची तीन दशके कंपनीच्या जाहिराती याच नावावर उभ्या राहिल्या.

सुधारणा दिसायला किरकोळ. परिणाम मात्र दूरगामी होता. जी वस्तू केव्हा डाग पाडील याचा भरवसा नाही, ती कुणी अंगावर मिरवत नाही. पेन गळायचे थांबले तेव्हाच ते टेबलावरून खिशात आले, आणि खिशात आल्यावर ते पोशाखाचा भाग बनले. काळ्या एबोनाइटच्या दांड्यावर सोन्याचांदीची जाळीदार नक्षी चढू लागली, शिंपल्याच्या चकाकत्या पट्ट्या बसू लागल्या. १९०६ च्या सुमारास पार्कर कंपनीने दांड्याला आणि टोपणाला विळखा घातलेल्या, हिरव्या डोळ्यांच्या सापाचे पेन काढले. सोन्यात आणि चांदीत घडवलेले हे सर्पपेन म्हणजे लेखणीपेक्षा दागिनाच अधिक होता. आज जुन्या पेनांच्या संग्राहकांना त्याचे दर्शन झाले तरी धन्य वाटते. स्त्रियांच्या पोशाखाला खिसा नसे. त्यांच्यासाठी टोपणाच्या माथ्यावर कडी असलेली आखूड पेने निघाली. ती फितीत किंवा साखळीत ओवून गळ्यात घालता येत.

पार्कर स्वतः प्रवासाचे शौकीन होते आणि व्यापाराची नजरही दूरवरची होती. १९०३ मध्ये कंपनीने अमेरिकेबाहेरचा पहिला विक्रेता स्कँडिनेव्हियात नेमला. पहिल्या महायुद्धात खंदकातील सैनिकांसाठी वेगळे पेन तयार झाले. शाईची बाटली रणांगणावर कोण बाळगणार? म्हणून या पेनाच्या मागच्या टोकाशी शाईच्या गोळ्या ठेवण्याची सोय केली होती. पेनात पाणी भरायचे, गोळी टाकायची आणि घरी पत्र लिहायचे.

युद्ध संपले, तरी बाजारातील बहुतेक पेने अजून काळीच होती. कंपनीचा पॅसिफिक किनाऱ्याकडील विक्रेता लुईस टेबेल याने मोठ्या आकाराचे, भडक केशरी-लाल रंगाचे पेन काढण्याचा आग्रह धरला. कंपनीतील जाणत्यांना ते पटेना. त्यांची शंका निराधार नव्हती. लाल रबर काळ्यापेक्षा ठिसूळ, आणि किंमत ठरत होती सात डॉलर. त्या काळी बऱ्यापैकी पेन याच्या निम्म्या किमतीत मिळे. पार्कर यांचे धाकटे चिरंजीव केनेथ मात्र या कल्पनेच्या पाठीशी उभे राहिले. १९२१ मध्ये काळ्या टोकांचे लाल ड्युओफोल्ड बाजारात आले आणि लोकांनी ते उचलून धरले. बिग रेड हे त्याचे लाडके नाव पडले.

ड्युओफोल्डच्या यशात रंगाचा वाटा होताच. पण सात डॉलर मोजणाऱ्याला कंपनीने २५ वर्षांची हमीही दिली होती, हे विसरता येत नाही. ठिसूळपणाची शंका १९२६ मध्ये प्लास्टिक वापरून दूर केली गेली आणि नवी पेने विमानातून खाली टाकून ती फुटत नाहीत, हे लोकांना दाखवण्यात आले. मग हिरव्या, पिवळ्या, निळ्या रंगांची रांग लागली. पुरुषांसाठी मोठे, स्त्रियांसाठी छोटे असे आकार मिळू लागले. भेट देणाऱ्याला आता घेणाऱ्याचा स्वभाव ओळखून रंग निवडता येऊ लागला. पेन दिले, की पंचवीस वर्षे आपली आठवण त्या खिशात राहील, असा हिशेब त्यामागे असे. वर्गातील पोरांची पेने दुरुस्त करून देणाऱ्या मास्तरांनी तीस वर्षांपूर्वी जे मनोमन स्वीकारले होते, तेच आता हमीपत्रावर छापून आले होते.

१९२९ नंतरच्या महामंदीत चैनीच्या वस्तूंचे बाजार कोसळले. कंपनी थांबली नाही. १९३१ मध्ये लवकर वाळणारी क्विंक शाई आली. १९३३ मध्ये व्हॅक्युमॅटिक पेन आले. त्याच्या पट्ट्यापट्ट्यांच्या दांड्यातून आत किती शाई शिल्लक आहे ते पाहता येई. याच पेनावर चित्रकार जोसेफ प्लॅट यांनी रेखाटलेली बाणाच्या आकाराची क्लिप प्रथम झळकली. आपल्याकडच्या सदऱ्यांवर पुढे जो बाण चमकला, त्याचा उगम हा. १९ जुलै १९३७ रोजी जॉर्ज पार्कर यांचे निधन झाले.

कंपनीचे सर्वांत गाजलेले पेन, पार्कर ५१, त्यांच्या पश्चात १९४१ मध्ये बाजारात आले. २ सप्टेंबर १९४५ रोजी टोकियोच्या उपसागरात जपानच्या शरणागतीवर सह्या झाल्या, तेव्हा जनरल मॅकआर्थर यांनी वापरलेल्या अनेक पेनांत एक त्यांच्या पत्नीचे लहानसे लाल ड्युओफोल्ड होते. महायुद्धाचा शेवट करणाऱ्या कागदावरही घरातील माणसाची वस्तू जवळ असावी, असे त्या सेनापतीला वाटले असेल काय? १९८६ मध्ये कंपनी ब्रिटनमधील व्यवस्थापकांच्या हाती गेली, नंतर तिचे मालक आणखी बदलले. जेन्सव्हिलमध्ये आता पार्कर पेने बनत नाहीत.

तरीही जुन्या पेनांचे वेड ओसरलेले नाही, उलट संगणकाच्या काळात ते वाढले आहे. त्याचे कारण केवळ त्यांचा तजेला नव्हे. ही पेने उघडता येतात, समजून घेता येतात आणि म्हणून दुरुस्त करता येतात. ड्युओफोल्डच्या मागचे बटण दाबले, की आतली पट्टी वाकून रबरी पिशवी दबते आणि बटण सोडले, की पिशवी शाई ओढून घेते. ऐंशी-नव्वद वर्षांत निकामी झालेली असते ती बहुधा ही पिशवीच, आणि ती बदलता येते. खणात सापडलेले आजोबांचे पेन कोणाला द्यायचे असेल, तर घाईने पिळून उघडू नये, गरम पाण्यात तर मुळीच बुडवू नये. साध्या पाण्याने वाळलेली शाई हळूहळू सुटू द्यावी आणि बाकीचे काम जाणकाराकडे सोपवावे. दांड्यावर कोणाचे नाव कोरलेले असेल, तर व्यापारी त्याची किंमत कमी करील. घरच्यांसाठी मात्र तेच नाव अनमोल असते.

मखमली डबीतील बंद पेन ही अर्धीच भेट होय. ते स्वच्छ करून, शाई भरून, एक ओळ लिहून पाहून मग द्यावे. विकलेली वस्तू गळत असेल, तर ती नीट करून देणे हे आपलेच काम, असे जेन्सव्हिलच्या एका अल्पवेतनी शिक्षकाला वाटले, म्हणून ही सारी पेने जन्माला आली. देणाऱ्याने तेवढी काळजी घेतली, तर घेणाऱ्याची बोटे कोरडी राहतील आणि पेन खणात न पडता पुन्हा एकदा खिशाला लागेल.