शून्याचा कप्पा

आमचा चार वर्षांचा नातू दिवाळीत आला तेव्हा एका दमात एक ते शंभर म्हणून दाखवायचा. फराळाला कुणी आलं की चकलीच्या आधी हाच कार्यक्रम. सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, आजीनं दृष्ट काढायची. तिसऱ्या दिवशी पानं घेताना मी त्याला सहा वाट्या आणायला सांगितल्या. पठ्ठ्यानं मोठ्यानं एक ते सहा म्हटलं आणि समोर आठ वाट्या ठेवल्या! तोंड पुढे धावत होतं, हात आपल्या चालीनं चालले होते.

सूनबाईंचा चेहरा पडला. शाळाप्रवेशाच्या वेळीही असंच झालं होतं म्हणे. बाईंनी टेबलावर रंगीत खडू ठेवून चार उचलायला सांगितले, यानं मूठभर उचलले. घरी आल्यावर पोराला ओरडा बसला. मैत्रिणींनो, चार वर्षांच्या लेकराची मुलाखत हा काय प्रकार आहे ते मला अजून कळलेलं नाही. असो.

मी तीस वर्षं बालवाडीत काढलेली. दुपारी मिठाईचा रिकामा खोका घेतला, पुठ्ठ्याच्या पट्ट्या घालून दहा कप्पे केले. कप्प्यांवर शून्य ते नऊ आकडे लिहिले आणि पंचेचाळीस चिंचोके मोजून वाटीत ठेवले. ही युक्ती माझी नव्हे. ती इटलीच्या मारिया मॉन्टेसरींची. आज गल्लोगल्ली त्यांच्या नावाच्या पाट्या दिसतात, पण या बाई कोण होत्या हे विचारलं तर फार थोड्या जणींना सांगता येतं.

मारियाबाईंचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० चा, इटलीतल्या कियाराव्हाल्ले गावचा. वडील सरकारी नोकरीत, आई वाचनाची आवड असलेली. ही मुलगी लहानपणापासून गणितात हुशार. त्या काळी तिथेही मुलींनी शिकून फार तर मास्तरीण व्हायचं, वडिलांचंही तेच म्हणणं. ही मात्र मुलांच्या तांत्रिक शाळेत गेली, इंजिनीअर व्हायचं म्हणाली आणि पुढे बेत बदलून डॉक्टरकीकडे वळली. पुरुषांबरोबर उघड्या प्रेतापुढे उभं राहणं बाईमाणसाला शोभत नाही, म्हणून शवविच्छेदन तिला वेळ संपल्यावर एकटीनं करावं लागे. कल्पना करून बघा! १८९६ मध्ये त्या रोम विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. इटलीतल्या पहिल्या स्त्री डॉक्टर असं त्यांच्याबद्दल सर्रास छापून येतं. ते खरं नाही, पहिल्या काही जणींपैकी एक होत्या. तेवढंही पुष्कळ झालं.

नोकरीत त्यांना मतिमंद मुलं भेटली, वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेली. या मुलांना औषधापेक्षा हातांना काम हवं आहे, असं बाईंच्या मनानं घेतलं. इटार्ड आणि सेगाँ या फ्रेंच डॉक्टरांची पुस्तकं त्यांनी बारकाईनं वाचली, लाकडी साधनं करून घेतली. मुलं लिहा-वाचायला लागली, परीक्षेत धडधाकट मुलांच्या बरोबरीनं उतरली. लोकांनी कौतुक केलं. बाईंना मात्र वेगळाच प्रश्न पडला, की मग शाळेतल्या धडधाकट मुलांचं आपण काय करून ठेवलंय?

याच वर्षांत त्यांच्या आयुष्यात आणखी एक गोष्ट घडली. बरोबर काम करणारे डॉक्टर ज्युसेप्पे मोंतेसानो यांच्यापासून १८९८ मध्ये त्यांना मुलगा झाला, मारिओ. लग्न झालेलं नव्हतं. लग्न केलं असतं तर काम सुटलं असतं, न करता मूल जवळ ठेवलं असतं तर नाव गेलं असतं. बाळ खेड्यात दाईकडे वाढायला गेलं. पुढे मोंतेसानोंनी दुसरीशी लग्न केलं आणि बाई ती संस्था सोडून बाहेर पडल्या. अधूनमधून त्या मुलाला भेटून येत. त्याला ही बाई कोण ते सांगितलेलं नव्हतं. जगाच्या मुलांची आई आणि पोटचा मुलगा परक्या घरी, असं म्हणून त्यांना नावं ठेवणारे आजही आहेत. मला तसं म्हणवत नाही. मुलाच्या बापाला कुणी हा प्रश्न विचारल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

६ जानेवारी १९०७ ला रोमच्या सान लोरेंझो वस्तीत पहिलं बालगृह सुरू झालं. तिथले आईबाप दिवसभर कामाला जात आणि मागे राहिलेली पोरं जिने, भिंती खराब करत. चाळमालकांना ती एका खोलीत गुंतवून ठेवायची होती, बाकी काही नाही. पन्नासेक मुलं जमली. बाईंनी आपली लाकडी साधनं तिथे आणून ठेवली आणि बघत बसल्या. मुलं खेळण्यांकडे ढुंकून बघेनात, पण ठोकळे लावण्यात तासन्‌तास रमून जात!

त्यांचं गणित असं खेळातूनच सुरू होतं. आधी दहा दांड्या, सगळ्यात छोटी दहा सेंटिमीटरची आणि सगळ्यात मोठी एक मीटरची, लाल-निळे पट्टे मारलेल्या. पाच म्हणजे काय, तर पाच पट्ट्यांची ही एवढी लांब दांडी. ती उचलायला हात पसरावे लागतात, म्हणजे पाच अंगालाच कळतो. मग खरखरीत कागदाचे आकडे बोटानं गिरवायचे. त्यानंतर कप्प्यांची पेटी आणि पंचेचाळीस चात्या. एकात एक, दोनात दोन, नवात नऊ. चूक झाली तर शेवटी चाती उरते किंवा कमी पडते, बाईंना ओरडावं लागत नाही. शून्याचा कप्पा रिकामाच राहतो. शून्य शिकवायला त्या मुलांना शून्य वेळा जवळ बोलवायच्या. पोरं धावत येत, मग त्या विचारत की मी तुला कितीदा बोलावलं होतं? हळूहळू मुलं जागेवर बसून हसायला लागत.

पुढे सोनेरी मणी येतात. एक सुटा मणी, दहांची तारेत ओवलेली काडी, शंभराचा चौकोन, हजाराचा ठोकळा. आपल्याकडे तर याची फारच गरज. एकवीस म्हणताना आधी एक येतो आणि मग वीस, पण लिहिताना उलटं. एकोणतीस तर विचारूच नका! २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात वीस एक असं आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. वाद कुणी काहीही घालो, दोन काड्या आणि एक सुटा मणी हातात असला की एकवीस कळतो.

त्यांचं नाव जगभर झालं. १९१२ मध्ये आई वारली आणि त्यानंतर पंधरा वर्षांचा मारिओ त्यांच्याकडे राहायला आला. लोकांना ओळख करून देताना मात्र कधी भाचा, कधी मानलेला मुलगा. मुसोलिनीनं आधी त्यांच्या शाळांना हात दिला, मग १९३४ मध्ये त्या बंद झाल्या. स्पेनमध्ये गेल्या तर तिथे यादवी पेटली. १९३९ मध्ये, एकोणसत्तराव्या वर्षी, त्या मारिओला घेऊन मद्रासला अड्यारमध्ये शिक्षक घडवायला आल्या. त्या इटालियनमध्ये बोलत, तो इंग्रजीत सांगे.

१९४० च्या जूनमध्ये इटली युद्धात उतरली आणि मायलेक इंग्रज सरकारचे शत्रू ठरले. मारिओला पकडून नेलं ते थेट आपल्या अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) छावणीत. म्हातारी आई अड्यारला. पण ३१ ऑगस्टला, त्यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, व्हाइसरॉयनं त्याला सोडलं आणि तारेत त्याला त्यांचा मुलगा म्हटलं. बेचाळीस वर्षांनी सरकारी कागदावर!

त्यांची पद्धत आपल्याकडे त्याआधीच आली होती. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडकांनी भावनगरला ती चालवली. पण ती महागडी साधनं खेड्यात कुठून आणणार? १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा शंख-शिंपले, बिया, दगडगोटे हेच साधन झालं. माझे चिंचोके त्याच घराण्यातले.

मारियाबाई ६ मे १९५२ ला हॉलंडमध्ये नोर्डवाइक गावी गेल्या. मृत्युपत्रात मारिओला त्यांनी मुलगा म्हणूनच लिहिलं.

नातू तीन दिवस खोक्याशी खेळला. चिंचोके उरले की स्वतःच कपाळाला हात लावायचा आणि परत ओतायचा. मग एकी की बेकी सुरू झालं, त्यात मी हरले. जायच्या दिवशी गाडीत बसताना मी त्याला म्हटलं, आजीला शून्य पापे दे. तो थबकला, ओठ दाबून हसला आणि खिडकीची काच वर केली. गाडी वळणावर पोचली तेव्हा काच परत खाली आली होती.