लग्नाच्या पोशाखातली गिटारवाली

रॉकमधला सगळ्यात मोठा गिटारवादक कोण, असा वाद निघाला की हेंड्रिक्स, क्लॅप्टन, जिमी पेज... सगळी पुरुषांचीच नावं! सिस्टर रोझेटा थार्पची आठवण क्वचितच निघते.

अमेरिकेत आर्कान्सा राज्यातल्या कॉटन प्लांट गावी १९१५ साली ती जन्मली. आई चर्चची प्रचारक, मेंडोलिन वाजवणारी. तिच्याबरोबर गावोगाव फिरत लहानगी रोझेटा गिटार वाजवायची, गायची. १९३८ मध्ये पहिली रेकॉर्ड निघाली. देवाची गाणी नाइटक्लबात गाते म्हणून चर्चची मंडळी चिडली. बाईनं मात्र चर्चही सोडलं नाही नि क्लबही!

१९५१ मध्ये वॉशिंग्टनच्या स्टेडियमवर तिनं तिसरं लग्न केलं, तेही तिकीट लावून! हजारो लोक आले आणि नवरीच्या पोशाखातच तिनं इलेक्ट्रिक गिटार छेडली. कमालच की नाही?

एल्व्हिस प्रेस्ली, चक बेरी ही मंडळी तिचंच ऐकून घडली. पुढे आजारपणात तिचा एक पाय कापावा लागला, तरी ती गातच राहिली. १९७३ मध्ये फिलाडेल्फियात ती गेली. कितीतरी वर्षं थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये तिला जागा मिळाली, ती थेट २०१८ मध्ये.