तीन अमेरिकन बायका, एक निवृत्त कर्नल आणि बेस कॅम्प ट्रेकचा जन्म

ऑक्टोबर उजाडला की इन्स्टाग्रामवर ओळखीचं कुणी ना कुणी हिमालयात दिसायला लागतं. मागे रंगीत पताका, अंगात फुगीर जॅकेट आणि खाली कॅप्शन, एव्हरेस्ट बेस कॅम्प, ५३६४ मीटर. पुण्या-मुंबईत राजगड-हरिश्चंद्रगड करून पाय तयार झालेल्यांचं हे पुढचं ठरलेलं स्वप्न असतं.

यात तुम्ही फक्त चालता. तंबू, जेवण, वाट दाखवणारा शेर्पा, सामान वाहणारे पोर्टर हे सगळं कंपनी बघते. शिखर चढायचं नाही, पायथ्याशी जायचं, डोळे भरून बघायचं आणि परत यायचं.

आज हे इतकं साधं वाटतं की ही कल्पना कधीतरी कुणाच्या डोक्यातून निघाली असेल असं मनातही येत नाही. पण ती निघाली होती. त्या माणसाचं नाव लेफ्टनंट कर्नल जिमी रॉबर्ट्स. नेपाळमध्ये त्यांना ट्रेकिंगचे जनक म्हणतात.

रॉबर्ट्स जातीचे इंग्रज, पण जन्म आपल्या शेजारच्या गुजरातमधला, १९१६ सालचा. शिक्षण इंग्लंडमध्ये झालं. सैन्यात अधिकारी झाल्यावर मात्र गडी परत भारतात आला, तो थेट गुरखा रायफल्समध्ये. कारण उघड होतं. गुरखा पलटणीत राहिलं की हिमालय जवळ.

१९३८ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते काराकोरममधल्या माशरब्रुमच्या मोहिमेवर गेले. शिखर मिळालं नाही, दोन सोबत्यांना हिमदंशाने जबर इजा झाली. मग महायुद्ध आलं. १९४२ च्या पावसाळ्यात रॉबर्ट्स मूठभर गुरख्यांना घेऊन जपान्यांच्या ताब्यातल्या उत्तर ब्रह्मदेशात पॅराशूटने उतरले आणि टेहळणी करून जंगलातून चालत बाहेर पडले. एवढ्या एका प्रसंगावर सिनेमा निघेल. पण त्यांचं मन अडकलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी.

ते ठिकाण म्हणजे माच्छापुच्छ्रे. माशाच्या शेपटीसारखं दुभंगलेलं टोक असलेला, पोखऱ्याच्या डोक्यावर उभा असलेला डोंगर. उंची ६९९३ मीटर. नेपाळ तेव्हा परदेशी माणसांना जवळपास बंद होता, त्यामुळे रॉबर्ट्सना वर्षानुवर्षं नुसती वाट बघावी लागली. १९५० मध्ये दार किलकिलं झालं आणि बिल टिलमन यांच्या अन्नपूर्णा भागातल्या मोहिमेत त्यांची वर्णी लागली. तेव्हा कुठे त्यांनी पोखरा बघितलं.

१९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही ते होते, पण चढाईच्या तुकडीत नाही. मुख्य मोहीम पुढे गेल्यावर मागून ऑक्सिजनच्या नळकांड्या पोहोचवायचं काम त्यांच्याकडे होतं. ते त्यांनी चोख केलं. मग बेस कॅम्पवर न रेंगाळता सेन तेनसिंग या शेर्पाला सोबत घेऊन ते शेजारच्या ओसाड दऱ्यांमध्ये शिरले आणि २० मे रोजी दोघांनी मेरा हे शिखर पहिल्यांदा सर केलं. नऊ दिवसांनी हिलरी आणि तेनसिंग नोर्गे एव्हरेस्टवर पोहोचले. मेराची बातमी कोण वाचणार?

आज त्याच मेरा पीकला दरवर्षी हौशी मंडळींच्या रांगा लागतात.

१९५६ मध्ये रॉबर्ट्स मोदी खोलाच्या अरुंद घळीतून अन्नपूर्णेच्या आतल्या खोऱ्यात गेले. चारही बाजूंनी बर्फाची शिखरं आणि मध्ये मोकळं पटांगण. गावच्या गुरुंग मेंढपाळांना ही जागा पिढ्यान्पिढ्या माहीत होती. ती देवाची जागा, तिथे मांस आणि अंडी न्यायची नाहीत, असा त्यांचा दंडक होता. बाहेरून तिथवर पोहोचलेले पहिले मात्र रॉबर्ट्स समजले जातात. आजचा अन्नपूर्णा बेस कॅम्प, ४१३० मीटर, तो याच खोऱ्यात. त्या वाटेवर एका टप्प्याच्या पुढे आजही मांस नेत नाहीत.

पुढच्याच वर्षी ते माच्छापुच्छ्रेच्या मोहिमेचे नेते झाले. इतक्या वर्षांचं स्वप्न समोर उभं, आणि मोहिमेतल्या रॉजर चोर्लींना पोलिओ झाला! आजारी सोबत्याला घेऊन नेताच पोखऱ्याला परतला. वर विल्फ्रिड नॉईस आणि डेव्हिड कॉक्स माथ्यापासून जेमतेम दीडशे फुटांवर पोहोचून मागे फिरले. त्यानंतर नेपाळ सरकारने हे शिखर गिर्यारोहणासाठी बंदच केलं. त्यामागे रॉबर्ट्स यांचाच आग्रह होता असं सांगतात.

१९५८ पासून ते काठमांडूच्या ब्रिटिश वकिलातीत लष्करी अधिकारी होते. १९६० मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली अन्नपूर्णा २ हे ७९३७ मीटरचं शिखर सर झालं. माथ्यावर गेले ख्रिस बॉनिंग्टन, रिचर्ड ग्रँट आणि आंग न्यिमा. रॉबर्ट्स खालीच.

त्यांचं खरं बलस्थान दिसलं ते १९६३ मध्ये. अमेरिकेची एव्हरेस्ट मोहीम काठमांडूच्या बाजूने चालत निघाली, तेव्हा नऊशेहून जास्त हमालांचा तांडा सांभाळायचं काम रॉबर्ट्स करत होते. कोणाच्या पाठीवर काय, मुक्काम कुठे, पीठ-तांदूळ किती, मजुरी कशी द्यायची, हे सगळं. गिर्यारोहणाच्या पुस्तकांत या कामाला दोन ओळी मिळतात. पण मोहिमा यावरच चालतात.

आणि इथेच त्यांना युक्ती सुचली. हाच सगळा लवाजमा साध्या प्रवाशांसाठी का नको? पर्यटक तेव्हा काठमांडू बघून परत जायचे. डोंगरात जायचं तर आधी मोठी मोहीम काढावी लागे.

१९६४ मध्ये, सैन्यातून बाहेर पडल्यावर, त्यांनी माउंटन ट्रॅव्हल ही कंपनी काढली आणि एका अमेरिकन मासिकात जाहिरात दिली. उत्तरं आली बोटांवर मोजण्याइतकी. १९६५ च्या वसंतात तीन अमेरिकन महिला पर्यटकांना घेऊन पहिला ट्रेक एव्हरेस्टच्या दिशेने निघाला. ट्रेक हा शब्द आला दक्षिण आफ्रिकेतून. तिथे तो बैलगाड्यांच्या लांब प्रवासासाठी वापरत.

मोहिमांवर जाणाऱ्या शेर्पांना या ट्रेकमुळे कमी जिवावरचं दुसरं काम मिळालं. पुढे अनेकांनी स्वतःच्या कंपन्या काढल्या. पण ज्या माणसाला माणसांची वर्दळ नसलेल्या दऱ्यांची ओढ होती, त्याच्याच कल्पनेने त्या दऱ्यांमध्ये लॉज, जत्रा आणि कचरा आणला हेही खरंच आहे.

कंबरेच्या सांध्याच्या दुखण्याने पुढे रॉबर्ट्सचं चढणं सुटलं. १९७१ च्या आंतरराष्ट्रीय एव्हरेस्ट मोहिमेचे ते सहनेते होते. भांडणांनी गाजलेल्या या मोहिमेत भारताचे मेजर हर्ष बहुगुणा वादळात गेले.

शेवटची वर्षं रॉबर्ट्स पोखऱ्यात राहिले आणि तिथे त्यांनी चक्क फेझंट पक्षी पाळले. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये तिथेच ते वारले. पोखऱ्यातून माच्छापुच्छ्रे स्पष्ट दिसतं. अधिकृतपणे त्याच्या माथ्यावर अजूनही कुणी पोहोचलेलं नाही.