पिएर जाने आणि मारीचे तेरावे वर्ष

मानसशास्त्र हा विषय घेतलेल्या आपल्यापैकी बहुतेकांची ओळख फ्रॉइडशी होते. पिएर जाने भेटलाच तर तळटिपेत. वास्तविक विसरलेल्या जुन्या आघातापर्यंत रुग्णाला परत नेऊन आजच्या दुखण्याचा उलगडा करण्याची वाट फ्रॉइडच्या आधी ज्या मोजक्यांनी तुडवली, त्यांत हा फ्रेंच प्राध्यापक होता. त्या वाटेवर पाय कोठे घसरतो हेही त्याला बऱ्याच लवकर कळले, आणि म्हणूनच त्याचे चरित्र आजही वाचण्याजोगे आहे.

जानेचा जन्म ३० मे १८५९ रोजी पॅरिसमध्ये झाला. काका पॉल जाने तत्त्वज्ञानाचे नामांकित पंडित. पिएरला लहानपणापासून वनस्पती गोळा करून वाळवून ठेवण्याचा नाद होता, तो अखेरपर्यंत सुटला नाही. शिक्षण संपताच, १८८३ साली, तो ल हाव्र या बंदराच्या गावी तत्त्वज्ञान शिकवू लागला. तेव्हा तो डॉक्टरही नव्हता! शिकवून उरलेला वेळ तो तेथील इस्पितळात, डॉ. जिबेर यांच्या परवानगीने, हिस्टेरियाच्या रुग्णांजवळ बसून काढी.

पहिले यश मिळाले ते भलत्याच गोष्टीसाठी. लिऑनी नावाच्या बाईला दूर अंतरावरून नुसत्या इच्छेने संमोहित करता येते, असे दिसणारे प्रयोग त्याने केले. १८८५ साली त्यावरचा निबंध पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे वाचला गेला. पुढच्या वर्षी इंग्लंडहून संशोधक पाहायला आले. सव्विशी-सत्ताविशीतल्या मास्तराला याहून काय हवे? पण चौकशीअंती त्याला आढळले, की लिऑनीला तरुणपणी दुसऱ्या संमोहकांनी पुष्कळ घडवले होते आणि तिचे कितीतरी 'चमत्कार' ही त्या जुन्या शिकवणीची उजळणी होती. दुसरा एखादा गप्प बसला असता. जानेने मात्र धडा घेतला. रुग्णाला प्रेक्षकांसमोर नव्हे, एकट्याने तपासायचे. तिचा शब्दन् शब्द टिपून ठेवायचा. तिचे पूर्वायुष्य आणि आधीचे उपचार खणून काढायचे. या टिपणांच्या सवयीमुळे त्याला पेन्सिलवाले डॉक्टर असे टोपणनाव पडले.

आणि मग मारी आली. वय एकोणीस. दर पाळीच्या वेळी थंडी भरे, झटके येत, वात होई. एरवीही मधूनमधून भीतीने किंचाळे. डावा डोळा आंधळा, तोही जन्मापासून, असे ती सांगे. जागेपणी तिला कारण ठाऊक नव्हते. संमोहनात उलगडले ते असे: तेराव्या वर्षी पहिली पाळी आली तेव्हा लाजेने, कोणाला न सांगता, ती थंड पाण्याच्या पिंपात बसली होती. पाळी थांबली आणि हुडहुडी भरून ती तापाने बरळू लागली. (ज्या घरात या गोष्टीचा उच्चारही होत नाही, तेथल्या मुलींना ही लाज परकी वाटणार नाही.) नुसते आठवून देऊन भागेना, म्हणून जानेने तिला सूचनेने त्या तेराव्या वर्षात परत नेले आणि पाळी तीन दिवस सुरळीत चालली, काही अघटित घडले नाही, असे तिला पटवले. पुढची पाळी वेळेवर, त्रासावाचून आली.

जिन्यावरून पडून मेलेली एक म्हातारी तिने पाहिली होती. ती नुसती अडखळली, मेली नाही, असे पटवताच भीती गेली. डोळ्याचे कोडे जास्त चिवट होते. पाच वर्षांची मारी दोन्ही डोळ्यांनी पाहत होती! सहाव्या वर्षी तिला एका मुलाशेजारी निजवले होते, आणि त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू खरजेने भरलेली होती. जानेने तिला त्याच रात्री परत नेले, मुलगा गोड आहे, त्याला काही झालेले नाही, असे भासवून त्याला कुरवाळायला लावले. जागी झाली तेव्हा तिला डाव्या डोळ्याने दिसत होते. पाच महिन्यांनंतरही त्रास परतला नव्हता.

ही हकीकत १८८९ साली त्याच्या प्रबंधात प्रसिद्ध झाली. पण वाचून कौतुकाबरोबर अस्वस्थताही वाटते. जानेने मारीला खरे शोधून दिले आणि मग त्या जागी खोटे बसवले. ती बरी झाली हे खरे; पण जो हात दुखरी आठवण पुसू शकतो, तोच हात न घडलेली आठवण लिहूही शकतो. संमोहनात माणूस बालपणात 'जातो' म्हणजे बालपण जसेच्या तसे परत येत नाही. मार्टिन ऑर्नने १९५१ साली असे 'लहान' झालेले प्रौढ तपासले, तेव्हा सहाव्या वर्षाची म्हणून काढलेली चित्रे खऱ्या सहाव्या वर्षाच्या जपून ठेवलेल्या चित्रांशी जुळेनात. १९८५ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या समितीनेही संमोहनातल्या आठवणींत कल्पित भर पडते असा इशारा दिला. त्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष झाले आणि पुढे तेथे उपचारांत 'आठवलेल्या' अत्याचारांवरून कित्येक घरे फुटली, खटले उभे राहिले. रुग्णाला आधी ओळखून न घेता, काय घडले असेल ते आपणच सुचवत सुचवत मागे नेणे, यातच खरा धोका आहे. लिऑनीने जानेला शिकवले होते ते हेच.

दुसरा धोका त्याने स्वतः नोंदवला. बरा वाटू लागलेला रुग्ण संमोहकावाचून राहू शकत नाही, पुन्हा पुन्हा त्याच्याकडे धाव घेतो. १८९६ साली म्युनिकच्या परिषदेत तो या विषयावर बोलला. बैठकांमधले अंतर हळूहळू वाढवत न्यायचे, हा त्याचा उपाय. एका झटक्यात सोडायचे नाही आणि कायमचे बांधूनही ठेवायचे नाही.

बाकीचे आयुष्य मानाचे गेले. १८९३ मध्ये तो वैद्यकाचा पदवीधर झाला, शार्कोने त्याला साल्पेत्रिएर इस्पितळात प्रयोगशाळा दिली, १९०२ पासून तो कोलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक होता. फ्रॉइडशी अग्रक्रमाचा वाद १९१३ च्या लंडन परिषदेत उघड झाला. त्यात दोघांचीही शोभा झाली नाही असे मला वाटते. फ्रॉइडभोवती संप्रदाय जमला, जानेभोवती जमला नाही.

फेब्रुवारी १९४७ मध्ये तो पॅरिसमध्ये वारला. पाच हजारांवर रुग्णांची हस्तलिखित टिपणे त्याच्यापाशी होती. रुग्णांची गुपिते कोणाच्या हाती पडू नयेत म्हणून आपल्या मागे ती जाळावीत अशी त्याची इच्छा होती, आणि त्याप्रमाणे ती जाळण्यात आली.