राणी हिराई आणि लेकीचा वांटा

कर्ता पुरुष गेला म्हणजे त्याच्या मिळकतीची वासलात भाऊबंदांच्या बैठकींत लागते. स्त्रीस पुसण्याचें कारण कोणास वाटत नाहीं. ही समजूत किती पोकळ आहे, हें चांद्याच्या राणी हिराईच्या चरित्रावरून दिसतें.

सुमारें तीनशें वर्षांपूर्वीं गोंड राजा बीरशहा मारला गेला. त्यास कन्या होती, पुत्र नव्हता. विधवा हिराईनें चंदनखेड्याच्या भाऊबंदांतील रामशहा या बालकास दत्तक घेतलें, आणि तो वयांत येईपर्यंत राज्याचा कारभार स्वतः पाहिला. अचलेश्वरापाशीं पतीची समाधि बांधिली. महाकालीचें देऊळ उभारिलें. पुढें सांभाळलेलें राज्य रामशहाच्या स्वाधीन झालें. जिनें तें राखिलें ती केवळ राखणदार ठरली. कन्येस तर वारसांत गणलेंच नाहीं.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देतां येत नाहीं. 1956 चा हिंदु वारसा कायदा अनुसूचित जमातींस लागू नाहीं. म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांतील गोंड लेकीचा हक्क रूढीच्या आधारें नाकारला जातो. जुलै 2025 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें छत्तीसगडच्या एका गोंड स्त्रीच्या वारसांस तिच्या बापाच्या जमिनींत तिच्या भावांबरोबर समान हिस्सा दिला. निकाल योग्यच आहे. परंतु प्रत्येक लेकीनें दिल्लीपर्यंत भांडत जावें काय? हिराईच्या देवळांत हात जोडणाऱ्या भाऊबंदांस आमचें सांगणें इतकेंच, कीं फेरफाराच्या वेळीं बहिणीचें नांव आपण होऊन लिहवावें.