आत्मशोधक माँतेन

निबंधाचा तास आला कीं वर्गांतील पुष्कळ मुलांच्या कपाळाला आठ्या पडतात. विषय दिला तर त्यावर काय लिहावें हें सुचत नाहीं. आणि विषय आपल्या मनाचा घ्या असें सांगितलें तर कांहींच सुचत नाहीं. या संकटाचें मूळ ज्या गृहस्थापर्यंत जाऊन पोंचतें, त्याची ओळख आज वाचकांस करून द्यावी असें मनांत आहे. निबंधाला फ्रेंच भाषेंत जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ प्रयत्न अथवा पारख असा आहे. तो शब्द या लेखनप्रकारास प्रथम लावणारा पुरुष मीशेल द माँतेन हा होय. त्यानें निबंध लिहावयास आरंभ केला तो चाळिशीच्या उंबरठ्यावर, आणि आयुष्यांतील सर्वांत मोठा प्रवास केला तो सत्तेचाळिसाव्या वर्षीं. म्हणजे ही कथा तुमच्या वयाच्या मुलाची नव्हे, तुमच्या वडिलांच्या वयाच्या मनुष्याची आहे. तरीहि ती तुम्हीं वाचावी. कारण मोठीं माणसें पूर्ण घडून चुकलेलीं असतात, असा जो लहानपणीं आपला समज असतो, तो खरा नव्हे.

माँतेनचा जन्म २८ फेब्रुवारी १५३३ रोजीं फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागांत, बोर्दो शहराच्या पूर्वेस सुमारें तीस मैलांवर असलेल्या, त्याच नांवाच्या गढींत झाला. त्याचे पूर्वज बोर्दो येथील व्यापारी. मद्य व खारे मासे यांच्या व्यापारांत त्यांनीं पैसा मिळविला, आणि पणजोबानें १४७७ सालीं ही जहागीर विकत घेतली. वडील पिएर हे इटलींतील युद्धांत लढून आलेले व नव्या विचारांचे होते. मुलाला लॅटिन ही मातृभाषेसारखी यावी म्हणून त्यांनीं फ्रेंच न जाणणारा एक जर्मन शिक्षक ठेवला, आणि घरांतील नोकरचाकरांनींहि मुलाशीं लॅटिनच बोलावें असा नियम केला. त्यामुळें सहाव्या वर्षीं तो बोर्दोच्या विद्यालयांत गेला, तेव्हां त्याच्याशीं लॅटिन बोलावयास शिक्षकच कचरत. पुढें १५५७ च्या सुमारास तो बोर्दोच्या न्यायमंडळांत अधिकारी झाला.

तेथें त्याला एत्येन द ला बोएसी हा मित्र लाभला. हा विद्वान, कवि, आणि माँतेनहून सुमारें दोन वर्षांनीं मोठा. दोघांचें सख्य असें जडलें कीं त्याचें कारण काय हें माँतेनला पुढें जन्मभर शब्दांत सांगतां आलें नाहीं. परंतु १५६३ च्या ऑगस्टांत ला बोएसी आजारी पडला व कांहीं दिवसांतच वारला. वय अवघें बत्तीस. माँतेन त्याच्या उशाशीं होता. मित्रानें आपला ग्रंथसंग्रह त्याच्या स्वाधीन केला. यानंतर १५६५ सालीं माँतेनचें लग्न झालें, १५६८ सालीं वडील वारले, आणि १५७० सालीं जन्मलेली पहिली मुलगी दोन महिन्यांतच गेली. पुढें आणखी पांच मुली झाल्या. त्यांपैकीं लेओनोर ही एकटीच वाढली. मृत्यु हा त्या घरांत नित्याचा पाहुणा होऊन बसला होता.

१५७० सालीं माँतेननें न्यायमंडळांतील आपली जागा सोडली, आणि पुढील वर्षीं आपल्या अडतिसाव्या वाढदिवशीं, उरलेलें आयुष्य निवांतपणें वाचनांत घालविण्याचा आपला संकल्प भिंतीवर लॅटिनमध्यें लिहविला. गढीच्या कोपऱ्यांत एक वाटोळा मनोरा होता. त्याच्या तळाशीं प्रार्थनागृह, त्यावर शयनगृह, आणि सर्वांत वरती ग्रंथालय. तेथें सुमारें एक हजार ग्रंथ भिंतीच्या वळणाप्रमाणें मांडलेले होते, आणि छताच्या तुळयांवर ग्रीक व लॅटिन वचनें लिहिलेलीं होतीं.

निवांतपणा मिळाला म्हणजे मन आपोआप स्थिर होईल अशी त्याची कल्पना होती. झालें उलटेंच. दावें तोडलेल्या घोड्याप्रमाणें त्याचें मन चौखूर उधळलें. नाना भ्रम, नाना भीति, एकाचा एकाशीं मेळ नाहीं. दुसरा कोणी असता तर शिकारींत तरी रमला असता. माँतेननें कागद पुढें ओढला, आणि मनाचे हे चाळे तो लिहून ठेवूं लागला. पुढेंमागें ते वाचून मनाला स्वतःचीच लाज वाटावी, एवढाच आरंभीं हेतु. पहिलेवहिले निबंध म्हणजे बहुधा जुन्या ग्रंथांतील वेंचे व त्यांवरील टिपणें. पण हळूहळू लिहिणाऱ्याची दृष्टि ग्रंथांवरून स्वतःकडे वळली. आपली स्मरणशक्ति किती दुबळी, आपल्याला कशाची भीति वाटते, खरबूज किती आवडतें, हें सर्व तो निःसंकोचपणें लिहूं लागला. एकदां त्याचाच एक माणूस दांडग्या घोड्यावरून भरधांव येऊन त्याच्यावर आदळला. माँतेन बेशुद्ध पडला. तो मेला असेंच सर्वांनीं मानलें. त्या वेळीं मृत्यूच्या दारांत आपल्याला काय वाटलें, हेंहि त्यानें बारकाईनें नमूद केलें. जें वाटलें तें भयंकर नव्हतें, झोंप लागावी तसें होतें. ज्या मृत्यूची त्याला तारुण्यापासून धास्ती होती, त्याची भीति या लिहिण्यानें बरीच ओसरली.

मनोऱ्याच्या बाहेर मात्र फ्रान्स देश जळत होता. रोमन कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट यांच्यांत १५६२ पासून १५९८ पर्यंत आठ युद्धें झालीं. १५७२ च्या ऑगस्टांत पॅरिसमध्यें हजारों प्रॉटेस्टंटांची कत्तल झाली, आणि ऑक्टोबरांत तोच प्रकार बोर्दोंत घडला. माँतेन अखेरपर्यंत कॅथॉलिक राहिला. परंतु त्याचा एक भाऊ व एक बहीण प्रॉटेस्टंट झालीं होतीं. अशा काळांतहि त्यानें गढीवर शिपायांचा पहारा बसविला नाहीं. दारांत एक म्हातारा द्वारपाल तेवढा असे. आपलेंच खरें, अशी दोन्ही पक्षांची इतकी खात्री होती कीं त्यासाठीं शेजाऱ्याचा प्राण घेण्यास ते कचरत नसत. माँतेन हा आपल्याला खरोखर कळतें तरी किती, असा उलट प्रश्न स्वतःला विचारी. या प्रश्नाचें स्मरण राहावें म्हणून त्यानें तराजूचें चित्र असलेलें एक पदकहि पाडून घेतलें होतें.

१५८० सालीं बोर्दो येथें त्याच्या निबंधांचे दोन भाग प्रसिद्ध झाले. त्यांत एकंदर ९४ निबंध होते. त्याच वर्षीं २२ जून रोजीं तो घोड्यावर बसून घराबाहेर पडला, तो १७ महिने परतला नाहीं. निमित्त मुतखड्याचें होतें. वडिलांना हाच रोग होता, व दोन वर्षांपूर्वीं त्याचे चटके मुलालाहि बसूं लागले होते. ऊन पाण्याच्या झऱ्यांत स्नान करावें व तें पाणी प्यावें, हा त्या काळचा उपचार. परंतु घरच्या विवंचनेपासून दूर जावें व आपल्याहून निराळीं माणसें पाहावीं, ही ओढहि तितकीच खरी होती. राजा तिसरा हेन्री यास ग्रंथाची प्रत नजर करून तो प्लोंबिएरचे झरे, बाझेल, औग्सबुर्ग, म्यूनिक, इन्सब्रुक या मार्गानें आल्प्स पर्वत ओलांडून इटलींत उतरला, आणि व्हेनिस पाहून ३० नोव्हेंबर रोजीं रोम येथें पोंचला. वेदना होत असतांहि तो आठ-दहा तास घोड्यावरून उतरत नसे. सरळ रस्त्याचें त्याला अगत्य नव्हतें; कोणी एखादी नवी जागा सांगितली कीं स्वारी तिकडे वळे, आणि सोबती कुरकुरत. ज्या देशांत जाईल तेथल्या रीतीनें तो जेवी. आपला स्वयंपाकी बरोबर आणला नाहीं याचें त्याला वाईट वाटे. मात्र तें फ्रेंच जेवणासाठीं नव्हे, तर स्वयंपाक्यानें परदेशचे पदार्थ शिकून घ्यावेत म्हणून. जर्मनींत प्रॉटेस्टंट पाळकांना त्यांच्या मतांविषयीं त्यानें जिज्ञासेनें प्रश्न विचारले, रोममध्यें यहुदी लोकांचा सुंतेचा विधि लक्षपूर्वक पाहिला, आणि पोपचेंहि दर्शन घेतलें. रोमच्या ग्रंथपरीक्षकांनीं त्याचे निबंध तपासावयास घेतले व कांहीं आक्षेप घेऊन परत दिले. त्यानें ते शांतपणें ऐकून घेतले; पण पुढील आवृत्तींत आक्षेपार्ह ठरलेला मजकूर बहुतेक तसाच राहूं दिला.

प्रवासांत तो रोजनिशी ठेवी. आरंभीं ती त्याचा चिटणीस लिहीत असे. रोममध्यें चिटणीस नोकरींतून गेल्यावर माँतेननें लेखणी स्वतः हातीं घेतली, आणि लुक्का शहराजवळील झऱ्यांवर राहतांना ती चक्क इटालियन भाषेंत चालविली. तेथें त्यानें खेडुतांसाठीं नाचाचा समारंभ करून बक्षिसें वांटलीं. दिव्हीत्सिया नांवाची एक गरीब, निरक्षर शेतकरीण उत्तम कविता रचीत असे. तिला त्यानें आपल्या पंक्तीला बसविलें. परंतु याच ठिकाणीं, १५८१ च्या मे महिन्यांतील एका सकाळीं, एक पत्र लिहीत असतां त्याला अकस्मात् ला बोएसीची आठवण झाली, आणि तीं दुःखद विचारांची लाट त्याला बराच वेळ आंवरेना. मित्र जाऊन अठरा वर्षें होत आलीं होतीं. मनोऱ्यांत ग्रंथ लिहून झाला, शेंकडों कोस रपेट झाली, नवे देश व नवीं माणसें पाहिलीं. आणि एका परक्या गांवीं तेंच जुनें दुःख पुढें येऊन उभें राहिलें. आत्मशोध म्हणजे स्वतःपासून सुटका नव्हे, हें त्या चार ओळींच्या नोंदींत जसें दिसतें तसें पुष्कळ मोठ्या ग्रंथांतहि दिसत नाहीं.

सप्टेंबरांत झऱ्यांवरच त्याला बातमी कळली कीं बोर्दोच्या लोकांनीं आपल्याला नगराध्यक्ष निवडलें आहे. त्याचे वडीलहि पूर्वीं त्या पदावर होते, व त्या कामानें ते कसे थकून गेले हें त्यानें लहानपणीं पाहिलें होतें. त्याची इच्छा नव्हती. पण राजाची आज्ञा आली, आणि ३० नोव्हेंबर १५८१ रोजीं तो घरीं परतला. दोन वर्षांची मुदत संपल्यावर १५८३ सालीं लोकांनीं त्याला पुन्हां निवडलें. चार वर्षें त्यानें दोन्ही धर्मपक्षांशीं बोलणें चालू ठेवलें व शहर युद्धाच्या तोंडून वांचविलें. एक गोष्ट मात्र झांकून ठेवणें बरें नव्हे. १५८५ च्या उन्हाळ्यांत बोर्दोंत प्लेग भडकला. मुदत संपावयास थोडाच अवकाश असतां, अधिकार सोंपविण्यासाठीं शहरांत येणें जरूर आहे काय, असें त्यानें पत्रानें विचारलें, आणि तो शहरांत शिरला नाहीं. याबद्दल पुढील काळांत त्याला पुष्कळांनीं दोष दिला आहे. त्यानें आपल्याला वीर म्हणून कधींच रंगविलें नव्हतें. ही गोष्ट त्याच्या चित्राशीं विसंगत नाहीं, पण ती भूषणावहहि नाहीं.

१५८८ सालीं निबंधांची नवी आवृत्ति पॅरिस येथें निघाली. तींत तिसऱ्या भागाचे १३ निबंध होते, आणि जुन्या निबंधांत सहाशेंहून अधिक ठिकाणीं भर घातलेली होती. पूर्वीं लिहिलेलें त्यानें सहसा खोडलें नाहीं. आज आपण बदललों असलों तरी कालचा मनुष्यहि आपणच होतों, त्याला पुसून टाकणें खोटेपणाचें होईल, असें तो मानी. शेवटचीं चार वर्षें त्याच आवृत्तीच्या एका प्रतीच्या समासांत तो लिहीत राहिला. ती प्रत बोर्दोच्या नगरग्रंथालयांत जतन केलेली आहे. १३ सप्टेंबर १५९२ रोजीं, वयाच्या साठाव्या वर्षीं, खोलींत उपासना चालू असतां त्यानें देह ठेवला. त्याची मानसकन्या मारी द गूर्ने हिनें १५९५ सालीं वाढविलेली आवृत्ति छापविली.

प्रवासाची रोजनिशी मात्र गढींतील एका पेटींत पडून राहिली. ती १७७० सालीं सांपडली व १७७४ सालीं प्रसिद्ध झाली. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, १८७४ सालीं, पुण्यास विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला सुरू झाली व निबंध हा प्रकार मराठी वाचकांच्या अंगवळणीं पडला. १८८५ सालीं गढीला आग लागली. परंतु मनोरा वांचला, आणि तुळयांवरील अक्षरें अद्यापि तेथें आहेत.

प्रस्तुत लेखकाचेंहि वय आतां चाळिशीच्या पुढें गेलें आहे. विद्यार्थ्यांच्या वह्या तपासतां तपासतां वीस वर्षें गेलीं. स्वतःची वही मात्र कोरी राहिली होती. माँतेनचें चरित्र वाचून ती गेल्या सुटींत उघडली, आणि पहिल्या पानावर काय लिहावें हें सुचेना, तेव्हां वर्गांतील मुलांच्या आठ्यांचा अर्थ प्रथमच कळला. तेव्हां, विद्यार्थीमित्रहो, निबंधाच्या तासाला सुचत नाहीं म्हणून खट्टू होऊं नका. सुचत नाहीं असेंच लिहा. कां सुचत नाहीं तें लिहा. आणि लिहिलेलें पुढें चुकीचें वाटलें तर तें पान फाडूं नका. त्याच्या समासांत नवें लिहा. पुष्कळ वर्षांनीं तें पान चाळतांना एक ओळखीचा मुलगा तुम्हांस भेटेल, आणि त्याची तुम्हांस लाज न वाटतां माया वाटेल.