अन्ना मणी



पाऊस उघडला की गावात पहिला प्रश्न असतो, किती झाला? कुणी म्हणतं वीतभर ओल गेली, कुणी म्हणतं नुसताच भुरभुरला. पण दुष्काळ ठरवताना असं चालत नाही, तिथं मिलिमीटरचा आकडा लागतो. आपला धाराशिव जिल्हा पडला कमी पावसाचा. आकडाच चुकला तर शेतकऱ्याचं काय होईल? म्हणून ज्या बाईंनी हवामान अचूक मोजण्यासाठी जन्म घालवला, त्यांची माहिती मी आज लिहीत आहे.

अन्ना मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी केरळातील पीरमेड येथे झाला. आठव्या वाढदिवसाला घरच्यांनी हिऱ्यांच्या कुड्या आणल्या. अन्नाने त्या घेतल्या नाहीत, ज्ञानकोश मागितला! बहिणींची लग्नं लवकर झाली. अन्नाने मात्र शिकायचंच ठरवलं.

पुढे बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरा आणि माणिक यांचा अभ्यास केला. कुड्या नाकारणाऱ्या मुलीच्या हाती पुन्हा हिरेच आले, पण संशोधनासाठी! त्यांनी प्रबंध लिहिला, मात्र एम.एस्सी. नाही म्हणून विद्यापीठाने डॉक्टरेट दिली नाही. त्या खचल्या नाहीत. १९४५ साली इंग्लंडला जाऊन हवामानाची उपकरणं शिकून आल्या.

१९४८ साली त्या आपल्या महाराष्ट्रात, पुण्याच्या हवामान खात्यात आल्या. तेव्हा साधे तापमापक, वायुभारमापकही परदेशातून येत. ते इथंच बनावेत म्हणून त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे नकाशे पक्के करून घेतले. हाताखाली १२१ पुरुष काम करीत. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, अशी त्यांची शिस्त होती. एक उपकरण दुसऱ्याशी ताडून पाहिल्याशिवाय त्या पुढे जाऊ देत नसत.

१९५७-५८ साली त्यांनी देशात ठिकठिकाणी ऊन मोजण्याची केंद्रं उभी केली. १९७६ साली निवृत्त झाल्यावरही बसून राहिल्या नाहीत. ऊन आणि वारा यांच्या आकड्यांचे ग्रंथ तयार केले. आपल्याकडे बालाघाटच्या डोंगरावर पवनचक्क्या फिरतात ना? अशी चक्की कुठं बसवायची, हे कळायला आधी वर्षभर वारा मोजावा लागतो. ते काम देशात त्यांनी मनावर घेतलं. १६ ऑगस्ट २००१ रोजी त्या वारल्या.

मला त्यांची एक गोष्ट फार आवडते. पदवी मिळाली नाही तरी त्यांचं काम अडलं नाही. आपल्या वर्गातल्या मुलींनी हे ध्यानात ठेवावं, आणि त्यांच्या आईबापांनीही.

यंदा मृग लागला की मी उभ्या भिंतींचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवणार आहे. रोज सकाळी साडेआठला पट्टीनं पाणी मोजून आकडा या फलकावर लिहीन. तुम्हीही आपापल्या घरी मोजा. मग आपण आकडे ताडून पाहू.